खेळणी सहा, पण तुऱ्या कोपऱ्यातून हलत नाही

आधी पत्र, थोडं कापून (कॉकाटील म्हणजे डोक्यावर तुरा असलेला छोटा पोपट):

"ताई, तीन आठवडे झाले, मी कॉकाटील आणलाय. तुऱ्या नाव ठेवलंय. राखाडी आहे, गालावर केशरी टिकल्या, चार महिन्यांचा आहे असं देणाऱ्याने सांगितलं. तो यायच्या आधीच मी पिंजरा मस्त सजवून ठेवला होता, साठवलेल्या पैशातून सहा खेळणी घेतली, मोठी घंटा, आरसा, सुती दोरीचं गाठीगाठींचं एक, रंगीत लाकडी ठोकळ्यांची माळ, शिडी आणि झोपायला फरचा छोटा तंबू. तर हा पठ्ठ्या एकालाही चोच लावत नाही. दिवसभर वरच्या दांडीच्या एका टोकाला भिंतीला चिकटून बसतो, तुरा ताठ. मी जवळ गेलो की बारीक होऊन काठीसारखा उभा राहतो नाहीतर फुसकारतो. खातो, पण मी खोलीत नसतानाच, वाटी खाली घंटेच्या मागे आहे. आत्या म्हणते रोज अर्धा तास हातात धरून बस, आपोआप भीती जाईल. आई म्हणते एकटा आहे बिचारा, जोडी आण. मला वाटतं त्याला मी आवडलेलोच नाही. काय करू?

ता. क. अभ्यासाची वही पिंजऱ्याला टेकवून ठेवली होती, तिच्या कोपऱ्याची पार झालर करून टाकली त्याने. हे थांबवायचं कसं?"

अरे, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना ताज्या कलमापाशी थांबून हसले. सगळ्या पत्रात रडगाणं की हा खेळत नाही, खेळत नाही, आणि शेवटी तक्रार काय तर वहीची झालर केली! अरे तेच तर खेळणं. कॉकाटीलला कागदाची कड मिळाली ना की तो एका टोकापासून सुरू करतो आणि टक टक टक करत ओळीने चावत जातो, जसं कुणी पंचिंग मशीन फिरवलंय, आणि शेवटी ती कड इतकी एकसारखी कातरलेली दिसते की आपण मुद्दाम करायला बसलो तरी जमणार नाही. म्हणजे तुझा पक्षी खेळतोय, फक्त तू विकत आणलेल्या गोष्टींशी नाही. तेव्हा हे थांबवायचं नाहीये, हे वाढवायचंय. वहीचं काय करायचं ते सांगते शेवटी.

आता आधी एक काम कर, बाकीचं सगळं नंतर वाच. उठ आणि ती खाण्याची वाटी घंटेच्या मागून काढ, तो ज्या टोकाला बसतो तिथेच, त्याला मान वळवली की पोचेल इतक्या जवळ लाव. पाण्याची पण. तुला वाटतंय तो तुला घाबरून तू असताना खात नाही, थोडंफार ते असेलही, पण त्याच्या बाजूने बघ ना, जेवायला जायचं तर त्या भल्यामोठ्या लटकत्या हलत्या वाजणाऱ्या वस्तूला वळसा घालून खाली उतरायचं, आणि तेवढ्यात तू दार उघडून आत आलास तर पळायला जागा नाही. नवीन पक्षी एखाद्या खेळण्याला घाबरून त्याच्या पलीकडची वाटी टाळतो हे मी बऱ्याच घरांत बघितलंय, आणि लहान पक्ष्याला उपास झेपत नाही. त्याचं वजन साधारण ८० ते १०० ग्रॅम, त्यात साठा तो कितीसा असणार. घरात ग्रॅम दाखवणारा छोटा काटा असेल तर पुढे तो बाहेर यायला लागला की रोज सकाळी वजन लिहून ठेवायची सवय लाव, १० टक्के घट दिसली तर डॉक्टर, वाट बघत बसायचं नाही.

वाटी हलवलीस? आता बोलू.

कॉकाटील हा मूळचा ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या, मोकळ्या मुलखातला, थव्याने राहणारा, काकाकुवाच्या कुळातला सगळ्यात लहान भाऊ. उघड्या माळावर दाणे टिपणाऱ्या एवढ्याशा पक्ष्याला कोणीही खाऊ शकतं, त्यामुळे नवीन वस्तू दिसली की आधी पळायचं आणि मग विचार करायचा, हा त्याचा कित्येक पिढ्यांचा नियम, जे आधी विचार करत बसले ते उरले नाहीत. थव्यात असताना निदान शंभर डोळे असतात, एकाने मान खाली घालून खाल्लं तरी बाकीचे बघत असतात. तुझ्याकडे तो एकटा आहे, जागा नवीन, आवाज नवीन, माणसं नवीन, आणि ज्या चार भिंतींत त्याला झोपायचंय तिथे सहा अनोळखी वस्तू टांगून ठेवल्यात. तुला ती भेट वाटतेय रे, त्याला ते सहा अनोळखी लोक बेडरूममध्ये उभे राहून आपल्याकडे बघतायत असं वाटत असणार. त्यात माझ्या मते तुझी काही चूक नाही, सगळे हेच करतात, मी पण केलं होतं, उत्साहात होतं ते. पण मग "मी आवडलो नाही" हे डोक्यातून काढून टाक, तीन आठवडे म्हणजे काहीच नाहीत, काहींना दोन-तीन महिने लागतात आणि नंतर तेच खांद्यावरून उतरत नाहीत.

खेळण्यांबद्दल. सगळी एकदम ओढून काढू नकोस, तोही एक धक्काच, दोन-तीन दिवसांत एकेक करून काढ, तो पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला असताना, हळू. पण तंबू आणि आरसा आजच काढलास तरी चालेल. तंबू तर टाकूनच दे, कोणाला देऊ पण नकोस. फरचे धागे चावून गिळले की पोटात गोळा होतो, धागा पायाला मानेला अडकतो, आणि बंदिस्त मऊ अंधारी जागा मिळाली की पक्ष्याच्या अंगात घरटं करायचं वारं शिरतं, मग चिडचिड, चावणं, आणि मादी असेल तर अंड्यांवर अंडी. आणि हो, चार महिन्यांच्या राखाडी कॉकाटीलमध्ये नर की मादी हे नुसतं बघून सांगणं अवघड असतं, पहिली पिसं झडून नवीन आली की चेहरा पिवळा होतो का ते बघून अंदाज येतो, तेव्हा उद्या तुऱ्याची तुरी निघाली तर हातावर तुरी दिली म्हणून रुसू नकोस.

आरसा का नको, तर एकट्या पक्ष्याला त्यात सोबती दिसतो. सोबती दिसतो पण तो कधी बोलत नाही, बाजूला सरकत नाही, पिसं साफ करून देत नाही, मग काही पक्षी दिवसदिवस त्याच्यासमोर बसून राहतात, त्याला भरवायला जातात, दुसरं कोणी जवळ आलं की चिडतात. सगळ्यांचं असं होतं असं नाही पण ज्या पक्ष्याशी तुला ओळख करायचीय त्याच्यासमोर कशाला उगाच स्पर्धक उभा करतोस.

दोरीच्या खेळण्याचं मी जरा सविस्तर सांगते कारण हे माझ्याच हातून झालंय. माझ्याकडे आधी एक बजी (पिंजऱ्यात पाळतात तो छोटा पोपट) होती, हिरवी, तिला अशीच सुती दोरी दिली होती, छान खेळायची, दोरीची टोकं पिंजून पिंजून कापसासारखी झाली होती आणि मला ते बघून कौतुक वाटायचं की बघा किती रमलीय. एक दिवस संध्याकाळी घरी आले तर ती दोरीला लटकलेली, एक पाय वर, पंख पसरलेले, धापा टाकत. धागा बोटाभोवती इतका घट्ट गुंडाळलेला की दिसतच नव्हता, बोट तेवढं फुगून लाल झालेलं आणि मध्ये एक खाच, त्या खाचेत धागा. एका हातात टॉवेलमध्ये तिला धरलं आणि नखं कापायच्या छोट्या कात्रीने एकेक धागा सोडवत बसले, माझाच हात थरथरत होता, वीसेक मिनिटं लागली असतील. बोट वाचलं, नख गेलं. त्यानंतर माझ्या घरात नियम असा की दोरी द्यायची तर जाड आणि आखूड, आणि पिंजल्याचं दिसलं त्या दिवशी ती कापून टाकायची नाहीतर फेकायची. तुझं खेळणं सध्या कपाटात ठेव, दोन-तीन महिन्यांनी बघ.

घंटा मोठी आहे म्हणतोस, ती त्याच्यापेक्षा मोठी असेल तर विसर. छोटी असेल तरी आतलं लोलक काय धातूचं आहे ते कळायला मार्ग नसतो, स्वस्त घंटांमध्ये शिसं किंवा जस्त असू शकतं आणि ते चाटून-चावून पक्ष्याला विषबाधा होते. आणि ज्या गोल घुंगरांना फटी असतात ती तर मुळीच नको, बोट किंवा चोच फटीत अडकते. टांगायला स्टेनलेस स्टीलची, स्क्रूने बंद होणारी कडी वापर. किल्ल्यांच्या जुडग्याची असते तशी गोल रिंग नको, तिच्या फटीत चोच शिरते.

शिडी ठीक आहे. शिडी तर कामाची आहे, राहू दे, फक्त त्याच्या डोक्यावर नको, खाली तिरकी लाव.

उरली ठोकळ्यांची माळ. आपण हिच्यावरच काम करू, कारण लाकूड चावणं कॉकाटीलला मनापासून आवडतं, फक्त ठोकळे फार जाड आणि कडक असतील तर त्याच्या चोचीला दाद देणार नाहीत, नखाने दाबल्यावर खूण उमटेल असं मऊ लाकूड हवं. जे मोडत नाही ते त्याला खेळणंच वाटत नाही, हे एक लक्षात ठेव. आपण पैसे देऊन आणलेली वस्तू दोन दिवसांत भुगा झाली की आपला जीव हळहळतो, पण त्याच्या दृष्टीने तेच तर तिचं काम.

तर माळ पिंजऱ्याबाहेर काढून खोलीच्या दुसऱ्या टोकाला टेबलावर ठेव, त्याला दिसेल अशी. आणि मग माळेकडे नाही, तुऱ्याच्या तुऱ्याकडे बघ. देवाने या पक्ष्याला डोक्यावर मीटर बसवून दिलंय, दुसऱ्या पक्ष्यांमध्ये अंदाज लावत बसावं लागतं, हा सरळ दाखवतो. सरळ ताठ उभा म्हणजे "काय आहे ते?", मागे कलंडलेला, टोकाशी जरा वर वळलेला म्हणजे सगळं ठीक चाललंय, आणि डोक्याला एकदम चप्प चिकटलेला, वर फुसकारणं, म्हणजे पुरे, मागे हो. माळ ठेवल्यावर तुरा ताठ झाला आणि पाच-दहा मिनिटांत पुन्हा कलंडला तर अंतर बरोबर आहे. ताठच राहिला, अंग बारीक करून थिजून उभा राहिला, तर माळ आणखी लांब, वाटलं तर दाराबाहेर.

दुसऱ्या दिवशी एक वीतभर जवळ. नाही जमलं तर तिथेच राहू दे दोन दिवस. घाईचं काही नाही, याची परीक्षा नाहीये कुठे.

आणि यातलं खरं गुपित म्हणजे तू स्वतः खेळायचं. हसू नकोस. त्या माळेशी तू खेळ, त्याच्याकडे पाठ नाही पण बाजू करून बस, ठोकळे हलव, खडखड वाजव, एखादा दाताने चावल्यासारखं कर, स्वतःशी बोल, "अरे वा, काय मस्त आहे" वगैरे, आणि त्याला बिलकूल देऊ नकोस, पुढे करून दाखवायचं पण नाही. थव्यातला पक्षी दुसऱ्याचं बघून शिकतो, कोणीतरी त्या वस्तूपाशी गेलं आणि मेलं नाही, उलट मजेत आहे, हे त्याने बघायला हवं. माझ्या सध्याच्या कॉकाटीलसाठी मी लाकडी मण्यांची माळ हातात घेऊन रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं अशी बसायचे, घरातल्यांना वाटलं ही जपाला लागली. नवव्या का दहाव्या दिवशी बाईसाहेब जाळीला येऊन चिकटल्या, मान तिरकी करून एका डोळ्याने बघतायत, मग दुसरीकडून दुसऱ्या डोळ्याने. हे तिरकं बघणं दिसलं ना की समज काम झालं. पोपटवर्गीयांचे डोळे डोक्याच्या बाजूला असतात, नीट निरखायचं तर ते एका डोळ्याने निरखतात, म्हणजे भीती संपून चौकशी सुरू झालेली असते.

त्यानंतर माळ पिंजऱ्याला बाहेरून लाव, त्याच्या आवडत्या टोकापासून लांब आणि त्याच्या डोक्याच्या पातळीच्या खाली. डोक्यावर काही हललं की या पक्ष्यांना ससाणाच आठवत असणार, खाली असलेल्या वस्तूला ते त्या मानाने कमी घाबरतात. बाहेरून एक-दोन दिवस राहिली, तो तिच्या जवळून चालत गेला, की मग आत. आत गेल्यावर तो पहिल्यांदा काय करेल माहितीये, एक टोच मारेल आणि उलट्या पावली पळेल. परत येईल, परत एक टोच आणि पळेल. तू त्या वेळी अजिबात ओरडू नकोस आनंदाने, मला माहितीये अवघड आहे.

पण हे सगळं करूनही एखादा कॉकाटील लटकत्या खेळण्यांमध्ये फारसा रमतच नाही, आणि त्याचं कारण मला तरी असं दिसतं की हा जंगलात बराच वेळ जमिनीवर चालत, गवतातलं बी शोधत खातो. आपण त्याला झाडाच्या फांदीवरचा समजून सगळं वर टांगतो. तर पिंजऱ्याच्या तळाशी, दांडीच्या थेट खाली नको, तिथे शी पडते, एक उथळ ताटली ठेव, तिच्यात कोऱ्या कागदाच्या चुरगळलेल्या गोळ्या, कागदाच्या पट्ट्या, मक्याच्या कणसाची धुतलेली वाळकी सालं, आणि मधे मधे थोडे दाणे टाक. पहिल्या दिवशी दाणे वरच दिसू देत, मग अर्धे कागदाखाली, मग कागदात गुंडाळून. हे शोधत बसणं हाच त्याचा सगळ्यात मोठा खेळ. आयतं मिळत असताना कोण कशाला शोधेल असं वाटतं ना, पण १९६३ साली ग्लेन जेन्सन या संशोधकाने उंदरांसमोर भरलेली वाटी ठेवली होती आणि शेजारी दाबल्यावर खाणं देणारा दांडा, तर बऱ्याच उंदरांनी वाटी सोडून दांडा दाबून खाल्लं. नंतर इतर कितीतरी प्राण्यांत, पोपटांतही असं दिसलंय. फक्त सुरुवातीला नेहमीची वाटी भरलेली ठेवायचीच, उपाशी ठेवून खेळायला लावणं हा खेळ नाही.

कागद मात्र बघून द्यायचा, रंगीत गुळगुळीत मासिकाचा नको, पिना नकोत, चिकटपट्टी नको. साध्या पुठ्ठ्याची नळी चालते, डिंक लागलेला भाग फाडून टाकायचा.

आता आत्याचं. आत्याला प्रेमाने सांग की हा उपाय नको. धरून ठेवल्यावर पक्षी शांत होतो ते सवय झाली म्हणून नाही, सुटका नाही हे कळल्यामुळे थिजतो, आणि हाताची जी काय थोडी ओळख होत असते ती पण जाते. वर पक्ष्याला श्वास घ्यायला छाती हलवावी लागते, आपल्यासारखा पडदा नसतो त्यांना, घट्ट धरलं तर श्वासच कोंडतो. त्याऐवजी तू पिंजऱ्याजवळ खुर्ची टाकून तुझा अभ्यास मोठ्याने वाच. खरंच, अभ्यासही होईल. त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही, समोरून दोन्ही डोळे रोखून बघणारा म्हणजे शिकारी, बाजूने बघ, मधेच डोळे हळू मिट. तू काही खात असशील तर तिथे बसून खा, एकत्र खाणं ही थव्यातली गोष्ट आहे. मिलेटचं कणीस मिळतं ना, ते वाटीत टाकायचंच नाही, ते फक्त तुझ्या हातातून, जाळीतून लांब टोक आत करून, हात स्थिर, दोन मिनिटं, नाही आला तर तिथेच अडकवून निघून जा. आणि एक ठरावीक शिट्टी ठरव, खोलीतून बाहेर गेल्यावर तो हाक मारेल, कधी ना कधी मारेलच, तेव्हा त्याच शिट्टीने उत्तर द्यायचं. "कुठे आहात?" "इथेच आहे" एवढाच त्याचा अर्थ, पण कॉकाटीलसाठी ते खूप असतं.

आईचं म्हणणं तसं खरं आहे, हा एकट्याने राहणारा पक्षी नाहीच. पण घाबरलेल्याला धीर द्यायला आणखी एक घाबरलेला आणायचा नाही. आधी याला रुळू दे, डॉक्टरकडून एकदा तपासून घे, मग पुढे तुमच्याकडे वेळ कमी पडतोय असं दिसलं तर दुसऱ्याचा विचार करा, आणि आणलाच तर पहिले ३० दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या वाट्या, आजार एकाचा दुसऱ्याला लागू नये म्हणून.

पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला आहे हे छान, तसाच ठेव. उंची आपल्या छातीएवढी. रात्री १० ते १२ तास अंधार आणि शांतता, पण एक मिणमिणता दिवा ठेव कारण कॉकाटील रात्री दचकून अंधारात पिंजऱ्याभर आपटत फिरतात, अशा वेळी दिवा लावायचा आणि हळू आवाजात बोलायचं, हात आत घालायचा नाही. दांड्या सगळ्या एकाच जाडीच्या गुळगुळीत असतील तर एखादी खडबडीत, कमी-जास्त जाडीची फांदी दे, पायाला बरी. स्वयंपाकघरात पिंजरा कधीच नको, नॉनस्टिकचं भांडं जास्त तापलं की त्यातून जो वायू निघतो त्याने पक्षी काही मिनिटांत मरतो, सुगंधी मेणबत्त्या आणि स्प्रे पण लांबच. खाण्यात अ‍ॅव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा-लसूण बंद. बाहेर सोडायला लागशील तेव्हा पंखा बंद, खिडक्यांना पडदे, उघडी पाण्याची बादली झाकलेली.

एक गोष्ट मात्र तपासून बघ, कारण "घाबरलाय" आणि "आजारी आहे" यात लोकांची गल्लत होते. घाबरलेला पक्षी बारीक आणि ताठ असतो, तू लिहिलंयस तसा. तो जर दिवसभर पिसं फुगवून गोळा होऊन बसायला लागला, तळाशी येऊन बसला, श्वासागणिक शेपूट वरखाली होतेय, नाकपुडीतून पाणी, शी एकदम वेगळी, किंवा दिवसभरात वाटीतलं काहीच कमी झालं नाही, तर हे सदर-बिदर बाजूला ठेव आणि त्याच दिवशी पक्षी बघणाऱ्या डॉक्टरकडे जा. हे पक्षी आजार लपवतात, दिसायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो.

आणि बरं चाललंय कसं ओळखायचं? तू खोलीत असताना पिसं साफ करायला लागेल. एका पायावर उभा राहील. एकाच बाजूचा पंख आणि पाय एकदम लांब करून आळस देईल. आणि एखाद्या रात्री दिवे मालवताना पिंजऱ्यातून बारीक कर्र कर्र आवाज येईल, कोणी वाळू चोळल्यासारखा, तेव्हा घाबरू नकोस, झोप आली की निवांत झालेले कॉकाटील चोच चोचीवर घासतात.

राहिली वही. ती पिंजऱ्याला टेकवायची तर टेकव, पण अभ्यासाची नको, जुनी, कोरी पानं उरलेली, पिना काढून. पानं आठ-दहा एकत्र धरून जाळीत कड आत जाईल अशी कपड्याच्या लाकडी चिमट्याने बाहेरून लाव, रोज त्याच जागी, तो बसतो त्या टोकाला. तीन-चार दिवसांनी तोच गठ्ठा तीन बोटं पलीकडे सरकव. मग आणखी तीन बोटं. माळेचं जमेल तेव्हा जमेल, कागदाच्या मागे तो चालत जाईल, म्हणजे दांडीचं ते टोक सुटलं. आणि नोट्स दुसऱ्या खोलीत ठेव बाबा, परीक्षेत कुणाला सांगशील पक्ष्याने खाल्ल्या म्हणून.